विश्लेषण : कात्रजचा घाट सायकलस्वारांना काय दाखवतो?

'कात्रजचा घाट दाखवणे' म्हणजे हुलकावणी देणे. शाहिस्तेखानाच्या लाल महालावर 1663 मध्ये छापा पडल्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या दिशेने हाकण्यात आले आणि मोगली फौज त्या उजेडामागे धावली, अशी आख्यायिका या वाक्प्रचारामागे सांगितली जाते. आज याच घाटात रविवारी पहाटे वेगळे दिवे लुकलुकतात. ते असतात सायकलींचे. हेल्मेट घातलेले सायकलस्वार भिलारेवाडी मागे टाकून जुन्या बोगद्याच्या दिशेने चढत असतात. त्यांच्यातल्या काहींची नजर ऑगस्ट 2027 कडे, म्हणजे फ्रान्समधल्या 1200 किलोमीटरच्या 'पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस' या उपक्रमाकडे लागलेली आहे. पुण्याच्या दक्षिण वेशीवरचा हा छोटा घाट त्यासाठी का लागतो?

नवा बोगदा असताना जुना घाट कशाला?

देहूरोड-कात्रज बाह्यवळण मार्ग झाला, नवा कात्रज बोगदा सुरू झाला आणि मुंबई-बेंगळूरु महामार्गाची अवजड वाहतूक तिकडे वळली. जुन्या घाटात स्थानिक वाहतूक राहिली. दिवसा तीही कमी नसते. एसटी, टेम्पो, शिवापूरकडच्या कारखान्यांकडे निघालेल्या दुचाकी असे सगळे तिथे असते. पण पहाटे पाच ते सात या वेळेत हा रस्ता बऱ्यापैकी मोकळा मिळतो.

नव्या बोगद्याचा रस्ता सायकलसाठी विचारातही घेऊ नये, असा आहे. बोगद्यातून पुण्याकडे येताना नवले पुलापर्यंत सलग उतार लागतो. नोव्हेंबर 2022 मध्ये याच उतारावर एका टँकरच्या धडकेने सुरू झालेल्या अपघातमालिकेत 48 वाहनांचे नुकसान झाले होते. नोव्हेंबर 2025 मध्ये कंटेनरच्या धडकेनंतर लागलेल्या आगीत काही जणांचा होरपळून मृत्यू झाला. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसमोर जिथे मोटारीचा निभाव लागत नाही, तिथे सायकलचे काय होणार?

जुना घाट चढून बोगदा ओलांडला की शिंदेवाडीला महामार्ग भेटतो. पुढे खेड शिवापूर, कापूरहोळ, मग डावीकडे नारायणपूर, सासवड आणि परतीला बोपदेव किंवा दिवे घाट, असा पुण्यातल्या सायकलस्वारांच्या आवडीचा फेरा आहे. ज्यांना आणखी लांब जायचे असते ते खंबाटकी ओलांडून वाईला पोहोचतात आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठतात. या सगळ्याची सुरुवात कात्रजपासून होते.

चढ एवढा जड का जातो?

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची शक्ती प्रामुख्याने वाऱ्याशी झगडण्यात जाते. चढावर ती वजन वर उचलण्यात जाते आणि इथे हिशेब एकदम बदलतो. सायकलसह 85 किलो वजनाची व्यक्ती सपाट रस्त्यावर ताशी 12 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिला 25 वॉटच्या आत शक्ती लागते. रस्ता पाच टक्के चढाचा झाला, म्हणजे 100 मीटर पुढे जाताना पाच मीटर वर जावे लागले, की त्याच वेगासाठी साधारण 160 वॉट लागतात. जवळपास सातपट.

म्हणूनच नवखा सायकलस्वार घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जोरात जातो आणि तिसऱ्या वळणावर पाय टेकतो. सराव असलेला माणूस पायथ्यालाच वेग सोडून देतो. बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा, हा त्याचा साधा नियम. यात वरकरणी पराक्रम काही दिसत नाही, पण घाट असाच चढला जातो.

गिअर नसतील तर?

एकेकाळी पुणे हे सायकलींचे शहर होते, पण त्या काळच्या काळ्या, बिनगिअरच्या सायकलींवरून घाट चढणारा माणूस बहुधा खाली उतरून सायकल ढकलत असे. त्यामागे साधे गणित आहे. पुढच्या चाकीला 44 आणि मागच्या चाकीला 18 दाते असतील, तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे पाच मीटर पुढे जाते. चढावर ताशी साडेनऊ किलोमीटरच वेग ठेवायचा, तर मिनिटाला जेमतेम 30 फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला गुडघ्यावर सगळा भार येतो. आजच्या रोड बाइकवर पुढे 34 आणि मागे 32 दाते असे हलके गिअर लावता येतात. मग एका फेरीत सायकल सव्वादोन मीटरच सरकते आणि त्याच वेगाला पाय मिनिटाला 70 वेळा फिरतात. काम तेवढेच, पण लहान लहान घासांत वाटलेले.

हे गिअर रुजवण्याचे बरेचसे श्रेय फ्रान्समधल्या एका डोंगराळ मुलखाला जाते. सेंत-एतिएन या शहराच्या वर पिला नावाची डोंगररांग आहे. तिथे घनदाट सूचिपर्णी जंगलातून 1161 मीटर उंचीवरच्या 'कोल द ला रेपुब्लिक' या खिंडीकडे रस्ता जातो. या खिंडीचे दुसरे नावच 'मोठे अरण्य' अशा अर्थाचे आहे. 'वेलोसिओ' या टोपणनावाने लिहिणारे पोल द विवी (1853-1930) याच भागात वेगवेगळ्या गिअरच्या सायकली चालवून पाहत आणि आपल्या सायकलविषयक नियतकालिकातून त्यांचा पुरस्कार करत. सामान्य माणसाला डोंगर चढता यायला हवा, हा त्यांचा आग्रह. उलट, शर्यतवाल्यांना गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची कुबडी वाटे. 1903 मधली पहिली 'तूर द फ्रान्स' याच खिंडीतून गेली, तरी चालत्या सायकलवर गिअर बदलणाऱ्या डिरेलरला त्या शर्यतीत परवानगी मिळायला 1937 उजाडले. भूक लागण्याआधी खा आणि तहान लागण्याआधी प्या, हा वेलोसिओंचा सल्ला मात्र आजही लांब पल्ल्याचा प्रत्येक सायकलस्वार पाळतो. कात्रज चढण्याआधी भरलेल्या दोन बाटल्यांमागे तोच सल्ला असतो.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचा कात्रजशी काय संबंध?

'पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस' 1891 मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली. आता ती शर्यत राहिलेली नाही. दर चार वर्षांनी होणाऱ्या या उपक्रमात 1200 किलोमीटर अंतर जास्तीत जास्त 90 तासांत, तेही स्वतःच्या बळावर पूर्ण करायचे असते. 2019 आणि 2023 मध्ये सुरुवात पॅरिसजवळच्या रांबुये या जंगलाने वेढलेल्या गावातून झाली. दोन्ही वेळा भारतातून बरेच सायकलस्वार गेले होते.

प्रवेशासाठी त्याच वर्षी 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या चार 'ब्रेव्हे' म्हणजे पात्रता राइड पूर्ण कराव्या लागतात. त्यांची वेळमर्यादा अनुक्रमे साडेतेरा, 20, 27 आणि 40 तास असते. भारतात या राइड 'ऑडॅक्स इंडिया'च्या छत्राखाली होतात आणि पुण्यातून सातारा, वाई, पाचगणीच्या बाजूला जाणारे मार्ग त्यांत असतात.

इथे एक गंमत आहे. ब्रेस्टच्या वाटेवरचा सर्वांत उंच टापूही समुद्रसपाटीपासून 400 मीटरच्या आत आहे. पुणे शहरच सुमारे 560 मीटरवर वसलेले आहे! म्हणजे पूर्ण वाटेत एकदाही पुण्याइतकी उंची गाठायची नाही. तरीही अख्ख्या मार्गावरची एकूण चढण 11 ते 12 हजार मीटरच्या घरात जाते, कारण नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या शेतांतून, रानांतून रस्ता सतत वरखाली होत राहतो. मोठा घाट एकही नाही, उसंतही नाही. त्यामुळे कात्रज एकदा दणक्यात चढून त्याची तयारी होत नाही. तो चढायचा, शिंदेवाडीला उतरायचे, तिथून वळून पुन्हा चढायचे आणि हे दोन-तीनदा करूनही पाय शाबूत ठेवायचे, असा सराव कामाला येतो.

मग घाटात धोका कशाचा?

चढाची भीती सगळ्यांना वाटते. अपघाताचा संभव मात्र उतारावर अधिक. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. कोरड्या रस्त्यावर ताशी 25 किलोमीटर वेगात ब्रेक लावल्यावर साधारण सहा मीटरमध्ये थांबणारी सायकल 50 च्या वेगाला 24 मीटर घेते. धोका दिसून ब्रेक लावेपर्यंतच्या एका सेकंदात आणखी 14 मीटर जातात, ते वेगळेच. वळणापलीकडे काय आहे हे दिसत नसेल, तर एवढे अंतर मिळेलच असे नाही. वेग वळणात शिरण्यापूर्वी कमी करायचा आणि वळणात ब्रेक आवळायचा नाही, कारण झुकलेल्या सायकलचे चाक तिथेच घसरते.

जुना बोगदा ही दुसरी अवघड जागा. तो अरुंद आहे आणि वाहतूक दुहेरी. उन्हातून अंधारात शिरताना काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि नेमक्या त्याच क्षणी मागच्या चालकालाही सायकल दिसत नसते. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा बोगद्याच्या आधीच लावायला हवा, भर दुपारीसुद्धा. गडद काळा गॉगल तेवढ्यापुरता काढलेला बरा. पावसाळ्यात दरडीची माती आणि बारीक खडी रस्त्यावर येते. पहिल्या पावसात सांडलेल्या तेलावर चाक तर साबणावर ठेवल्यासारखे सरकते. जून ते सप्टेंबर घाट हिरवागार असतो, फोटोही छान येतात. उतरताना मात्र याच दिवसांत सर्वांत जास्त जपावे लागते.

फ्रान्समध्ये वेगळे काय आहे?

फ्रान्सच्या डोंगराळ ग्रामीण भागात सायकलसाठी खास रस्ते फारसे बांधलेले नाहीत. तिथे जिल्हास्तरावरच्या लहान, डांबरी, कमी रहदारीच्या रस्त्यांचे जाळे आहे आणि सायकलस्वार त्यावरूनच फिरतात. अनेक खिंडींच्या चढावर दर किलोमीटरला छोटी पाटी असते. माथा किती दूर आहे आणि पुढच्या किलोमीटरला सरासरी किती टक्के चढ आहे, ते तिच्यावर लिहिलेले असते. सायकलला ओलांडताना मोटारचालकाने गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवावे, असा तिथला कायदा आहे. रात्री गावाबाहेर सायकलस्वारालाही परावर्तक जाकीट सक्तीचे आहे. बंधने दोघांवरही आहेत.

आपल्याकडे घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा नियम जुनाच आहे. सायकल हेही वाहन आहे, एवढेच कुणाच्या लक्षात येत नाही.

पुण्यात परिस्थिती बदलते आहे का?

कागदावर बरेच आहे. 2006 मध्ये स्वारगेट-कात्रज-हडपसर बीआरटी सुरू झाली, त्यासोबत सातारा रस्त्यावर सायकल मार्गही आखले गेले. 2017 मध्ये महापालिकेने एकात्मिक सायकल आराखडा मंजूर केला. प्रत्यक्षात हे मार्ग जागोजागी तुटतात, त्यांच्यावर गाड्या लावलेल्या असतात आणि कात्रज चौकाच्या कोंडीत तर सायकलला वाली नसतो. घाट चढण्यापेक्षा घाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचणे अवघड, अशी स्थिती आहे.

शर्यतीचा उत्साह मात्र वाढला आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणण्याची जुनी परंपरा महाराष्ट्राला आहेच. जानेवारी 2026 मध्ये 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची मान्यता असलेली, चार टप्प्यांची 437 किलोमीटरची शर्यत जिल्ह्यात झाली. तिच्यासाठी अनेक रस्त्यांचे नव्याने डांबरीकरण झाले आणि शर्यतीपुरती वाहतूकही थांबवली गेली.

जुन्या कात्रज घाटाला एवढ्या खर्चाची गरज नाही. बोगद्यात दिवे, वळणांवर खडी साचू न देणे, चढाच्या टक्क्यांच्या दोन-चार पाट्या आणि रविवारी पहाटे दोन तास अवजड वाहनांना मज्जाव, एवढ्याने बरेच काही साधेल. 2027 च्या पात्रता राइड तोवर सुरू झालेल्या असतील.