पानातील लिंबाची फोड

मराठी पद्धतीचे पान वाढताना आरंभी मीठ येते, आणि मिठाच्या डाव्या अंगाला लिंबाची फोड. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवार घराण्याने माळव्यात धार व देवास येथे आपली राज्ये स्थापन केली, तेव्हा त्यांच्यामागून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांनी पान वाढण्याची ही रीतही बरोबर नेली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. परंतु राज्ये गेली तरी स्वयंपाकघरातील रीती सहसा जात नाहीत. ताटातील ती फोड केवळ रुचीसाठी असते, की तिचे आणखी काही कार्य आहे, हे समजून घेण्याजोगे आहे.

लिंबाचे महत्त्व माळव्याला मराठ्यांनीच शिकविले, असे मात्र नव्हे. धारपासून सुमारे पस्तीस किलोमीटरांवर मांडूचा किल्ला आहे. तेथील सुलतान गियासुद्दीन खिलजी याने १४६९ ते १५०० या काळात राज्य केले. त्याच्या आवडीच्या पाककृतींचा ‘निअमतनामा’ हा सचित्र फारसी ग्रंथ त्याचा पुत्र नासिरुद्दीन याच्या कारकीर्दीत पुरा झाला. त्याची हस्तलिखित प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मांस असो, भाजी असो की सरबत असो, लिंबाचा रस त्या ग्रंथात वारंवार भेटतो. पाचशे वर्षांपूर्वीच्या माळव्यातील राजाच्या पाकशाळेलाही लिंबावाचून चालत नव्हते, असे यावरून दिसते.

आपल्याकडे लिंबू म्हटले की पातळ सालीचे, रसाळ कागदी लिंबू डोळ्यांसमोर येते. युरोपातील जाड सालीचे पिवळे लिंबू हे त्याचे भाऊबंद खरे, परंतु जात निराळी. दोहोंच्याही रसात मुख्यतः दोन गुणकारी द्रव्ये असतात : सायट्रिक आम्ल आणि क जीवनसत्त्व. कागदी लिंबाच्या शंभर ग्रॅम रसात सुमारे तीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दररोज ६५ व पुरुषाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळावे. या हिशेबाने पेरू आणि आवळा लिंबाहून कितीतरी श्रीमंत ठरतात. लिंबाचा मोठेपणा वेगळाच आहे. ते बहुधा बाराही महिने मिळते, आणि रोजच्या जेवणात अन्नाबरोबरच पोटात जाते.

क जीवनसत्त्वाचे नावही जगाला ठाऊक नव्हते, तेव्हा लिंबाचा प्रताप समुद्रावर दिसून आला. लांबच्या सफरीवरील खलाशांच्या हिरड्या सुजत, त्यांतून रक्त वाही, आणि अखेर ते प्राणास मुकत. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी वैद्याने अशा बारा रोग्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. ज्या दोघांना संत्री व लिंबू मिळाले, तेच सर्वांत लवकर सुधारले. पुढे १७९५ पासून ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सरसकट दिला जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकात मात्र भूमध्य समुद्राकाठच्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील कागदी लिंबांचा रस घेतला जाऊ लागला. त्यात मूळचेच सत्त्व कमी. त्यातून तो दीर्घकाळ साठविलेला, आणि तांब्याच्या नळ्यांतून आलेला. १८७५ च्या उत्तर ध्रुवाकडील सफरीत तोच जुना रोग पुन्हा उपटला.

या इतिहासातील धडा स्वयंपाकघराच्या फार कामाचा आहे. क जीवनसत्त्व नाजूक असते. उष्णता, हवा, दीर्घ साठवण आणि तांब्याचा स्पर्श ही त्याची शत्रू होत. म्हणून वरण वा भाजी चुलीवरून उतरल्यावरच, किंबहुना पानात वाढल्यावरच, तीवर लिंबू पिळावे. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे जुन्या गृहिणींना पक्के ठाऊक होते. मीठ आणि आम्ल यांच्या योगाने लोणचे वर्षभर टिकते व जेवणाला रुची आणते. परंतु क जीवनसत्त्वासाठी त्यावर विसंबणे योग्य नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. धान्ये, डाळी आणि पालेभाज्या यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल, तर ते अधिक प्रमाणात शोषले जाते. माळव्यात सकाळच्या पोह्यांवर शेव पडते आणि लिंबूही पिळले जाते. ही पद्धत म्हणूनच शहाणपणाची आहे. मात्र पोह्यांबरोबरच चहाचा पेला आला, की त्यातील टॅनिन उलट लोहाला अडविते. तेव्हा चहा तासाभराने घ्यावा. एका लहानशा फोडीवरही सगळा भार टाकू नये. अर्धे लिंबू पिळावे आणि जोडीला कच्ची कोशिंबीर किंवा पेरू असावा.

लिंबाचे इतर उपयोगही थोडेथोडके नाहीत. साखरेच्या पाकात चार थेंब रस टाकला, की आम्लामुळे साखरेचे काही अंशी विघटन होते आणि पाक पुन्हा खडीसाखरेसारखा गोठत नाही. उकळत्या दुधात रस घातला की छेना वेगळा होतो. चिरलेल्या सफरचंदाला वा केळ्याला रस लावला, तर ते काळे पडत नाही. उन्हाळ्यात मीठ व साखर घातलेले लिंबाचे सरबत घामावाटे गेलेले पाणी आणि क्षार काही प्रमाणात भरून काढते.

तथापि लिंबाच्या अंगी नसलेले गुण त्याला चिकटवू नयेत. सकाळच्या कोमट पाण्यातील लिंबाने चरबी वितळते, या समजुतीला भक्कम आधार नाही. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांनी ते बेतानेच घ्यावे. लिंबू वरचेवर चोखल्याने दातांचे कवच झिजते; आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरणे हिताचे.

२०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यावर वैद्याने दिलेल्या लोहाच्या गोळ्यांची जागा लिंबू घेऊ शकत नाही, हे उघड आहे. परंतु पुष्कळ घरांत सर्वांना वाढून झाल्यावर गृहिणी शेवटी पानावर बसते. तोवर भाजी तळाला गेलेली असते, कोशिंबीर संपलेली असते, आणि लिंबाच्या फोडीही सरलेल्या असतात. ज्या पानाला त्या फोडीची सर्वांत अधिक गरज, तेच पान तिच्यावाचून राहते. लिंबू चिरतानाच त्या शेवटच्या पानाची फोड वेगळी काढून ठेवावी. तिला खर्च जवळजवळ काहीच नाही. हवी ती फक्त आठवण.