मराठी ई-पत्र आणि त्याची लेखनव्यवस्था

भाषेचे आरोग्य केवळ तिच्या ग्रंथसंपदेवरून जोखू नये. तिच्या कार्यालयीन पत्रांवरूनही जोखावे, असे आमचे मत आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठीच्या बाबतीत तर हे विशेषच खरे. सुरतेत उधना, लिंबायत यांसारख्या वस्त्यांत खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे राहतात आणि महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. अशा शाळेचे पुण्या-मुंबईच्या संस्थेस जाणारे पत्र आज संगणकावरून जाते. ते पलीकडे प्रश्नचिन्हांच्या रांगेच्या रूपाने पोहोचले, की दुसरे पत्र रोमन लिपीत जाते आणि तिसरे मुकाट्याने इंग्रजीत. कोणीही ठराव न करता एक भाषा कार्यालयातून अशी बाहेर पडते. म्हणून ज्या विषयास आपण 'तांत्रिक' म्हणून बाजूस सारतो, त्याचा विचार शिक्षकांनीच करणे प्राप्त आहे.

हा विचार समजावून घेण्यास सर्वांत सोयीचे साधन म्हणजे केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणारा पत्र-प्रोग्रॅम. त्यात चित्रे नाहीत, रंगीत कळा नाहीत. सर्व काम अक्षरांनी व आज्ञांनी चालते. वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ साली सुरू झालेला 'पाइन' आणि मायकेल एल्किन्स यांनी १९९५ साली रचलेला 'मट' हे या वर्गातील प्रसिद्ध प्रोग्रॅम होत. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट-सेवा सुरू केली, तेव्हा स्वस्त वर्गणी भरणाऱ्यांच्या वाट्यास असाच पडदा येत असे. पाइनचे पुढील काम आता थांबले आहे. मट मात्र आजही जुन्या व मंद संगणकांवर उत्तम चालतो. त्याचा खरा गुण असा, की तो काहीही गृहीत धरून लपवीत नाही. आपल्यास काय हवे, ते एका साध्या फाइलीत ओळीओळीने लिहून ठेवावे लागते, आणि लिहिताना ते समजून घ्यावे लागते.

प्रथम मूळ अडचण पाहू. संगणकीय टपालाची वाट मुळात इंग्रजी अक्षरांच्या सात बिटांच्या संकेतासाठी बांधली गेली. १९९२ साली 'माइम' नावाचे नियम आले, आणि पत्राच्या शिरोभागी 'हा मजकूर अमुक संकेतात आहे' अशी ग्वाही देण्याची सोय झाली. त्याच वर्षी केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी 'यूटीएफ-८' हा संकेत सिद्ध केला. या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'क्ष' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. यंत्राच्या दृष्टीने ते क, हलंतचिन्ह आणि ष अशी तीन चिन्हे, म्हणजे नऊ बाइट होतात. ग्वाही चुकली किंवा गाळली गेली, की पलीकडचे यंत्र या नऊ बाइटांचा वाटेल तो अर्थ लावते. पत्र बिघडले असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा मजकूर शाबूत असतो; बिघडलेली असते ती ओळख.

यावरून मांडणीचा क्रम ठरतो. पहिली गोष्ट संगणकाच्या 'लोकेल'ची. भाषा मराठी, देश भारत आणि संकेत यूटीएफ-८ असे तेथे एकदा नोंदविले, की मट व एडिटर दोघेही आपला संकेत तेथूनच घेतात. तो प्रत्येक ठिकाणी पुन्हा हाताने लिहिण्याचा मोह टाळावा. ही नोंद नसल्यास मट देवनागरी मजकुरावर 'अज्ञात' अशा अर्थाची चिठ्ठी लावून पत्र धाडतो, आणि पुढील अनर्थ ठरलेलाच. दुसरी गोष्ट पडद्याची. लिनक्सच्या मूळ कन्सोलवर फार तर ५१२ अक्षराकृती मावतात व जोडाक्षरे जुळत नाहीत. म्हणून भारतीय लिपी जोडू शकणारा 'एमएलटर्म'सारखा टर्मिनल योजावा. तिसरी गोष्ट मटच्या स्वतःच्या फाइलीची. तीत प्रेषकाचे नाव व पत्ता, टपाल आणण्याचा व धाडण्याचा मार्ग आणि लेखनासाठी कोणता एडिटर उघडावा, एवढे नमूद केले म्हणजे प्रारंभास पुरे.

एडिटरची निवड ही स्वतंत्र बाब आहे. कारण मट पत्र नेतो-आणतो, लिहू देत नाही. नवख्यास 'नॅनो' सोपा पडतो. ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला 'विम' अधिक समर्थ, पण त्याच्या दोन अवस्था आहेत : एकीत कळ दाबली की अक्षर उमटते, दुसरीत तीच कळ आज्ञा ठरते. इन्स्क्रिप्ट कळफलक चालू ठेवून आज्ञेच्या अवस्थेत गेल्यास विमला 'व' किंवा 'ग' ऐकू येतो व तो स्वस्थ बसतो. यावर 'लँगमॅप' या व्यवस्थेने प्रत्येक देवनागरी अक्षरास त्याच कळेचे रोमन अक्षर जोडून देता येते. अथवा आज्ञेपूर्वी कळफलक बदलण्याची सवय लावावी. विम पत्राची ओळ ७२ स्तंभांवर मोडतो. पण जोडाक्षरांमुळे पडद्यावर ओळी लांब-आखूड दिसतात. यास्तव 'प्रवाही' मांडणी पत्करावी : ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली की परिच्छेद पुढे चालू आहे, असे समजून पलीकडचा प्रोग्रॅम ओळी आपल्या मापाने पुन्हा बांधतो. मटमध्ये व विममध्ये, दोहोंतही ही सूचना द्यावी लागते.

भाषाशिक्षकांचे लक्ष आम्ही विशेषेकरून एका अक्षराकडे वेधू इच्छितो. 'आचार्यांस' आणि 'आचाऱ्यांस' यांतील भेद मराठीस अत्यावश्यक आहे. सत्काराचे निमंत्रण कोणास गेले, हे त्या एका रफारावर ठरते. हे अक्षर संगणकावर दोन प्रकारे लिहिले जाते. एका प्रकारात र व हलंतानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. मजकूर 'स्वच्छ' करणारा एखादा प्रोग्रॅम ते काढून टाकतो आणि आचारी आचार्य होतो. दुसऱ्या प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह घेऊन त्यास हलंत जोडतात. त्यात हरवण्यासारखे अदृश्य काहीच नसते. आमच्या मते शाळांनी हाच प्रकार शिकवावा. मराठीचे व्याकरण १८३६ साली सिद्ध करणारे दादोबा पांडुरंग १८४४ साली सुरतेतच मानवधर्मसभेच्या संस्थापकांत होते. वर्णांची व्यवस्था लावणे हे व्याकरणकाराचे काम असेल, तर या नव्या वर्णव्यवस्थेपासून त्यांच्या वारसांनी दूर राहणे शोभणारे नाही.

सुरतेच्या शाळेस दोन लिपींत व्यवहार करावा लागतो. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात गुजराती व देवनागरी यांस एकच संकेतस्थाने होती, आणि लिपी कोणती हे वेगळ्या चिन्हाने सांगावे लागे. युनिकोडमध्ये दोहोंस स्वतंत्र घर मिळाले. त्यामुळे एकाच पत्रात दोन्ही लिपी निर्वेध नांदतात. मटच्या 'सेंड-हुक' या सोयीने महापालिकेच्या पत्त्यास गुजराती स्वाक्षरी व साहित्यसंस्थेस मराठी स्वाक्षरी आपोआप लावता येते. मात्र 'सर्वांसाठी' असा सामान्य नियम प्रथम लिहावा व विशेष नियम मागून. अन्यथा एका पत्राची स्वाक्षरी पुढल्या पत्रास चिकटते.

आणखी एक लाभ सांगण्यासारखा आहे. 'मेलडिर' पद्धतीने साठविल्यास प्रत्येक पत्र ही एक स्वतंत्र साधी फाइल होते. मट उद्या नाहीसा झाला, तरी ती उघडता येईल आणि तिच्या प्रती चार ठिकाणी ठेवता येतील. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने ज्या शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेथील दप्तरांस ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

अकादमीस आमची सूचना माफक आहे. सदस्य शाळांसाठी अशा मांडणीची एक नमुना-फाइल तयार करावी आणि तिच्यासोबत एक चाचणी-वाक्य द्यावे. जसे, 'दऱ्याखोऱ्यांतून आलेल्या बाळूने ॲटलास व ज्ञानकोश परत केला.' यातील ऱ्या, ळ, ॲ व ज्ञ पलीकडे जसेच्या तसे उतरले, तर त्या शाळेची मराठी वाट मोकळी आहे असे समजावे. न उतरले, तर दोष लोकेलचा, पडद्याचा की एडिटरचा, हे वर सांगितलेल्या क्रमाने पाहावे. ही तपासणी एका तासिकेत होण्याजोगी आहे, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून ती करवून घेतल्यास शुद्धलेखनाचा एक धडाही अनायासे पुरा होईल.