रियाचे : कुलुपे उघडणारे गाव

मराठी वाचकाला या गावाचे नाव ऐकताच ते अपुरे वाटावे. ‘रियाचे’, म्हणजे रियाचे काय? षष्ठी विभक्तीचा प्रत्यय लागलेले हे नाव जणू पुढच्या शब्दाची वाट पाहत थांबले आहे, असा भास होतो. आणि योगायोग असा की, गेल्या पाव शतकात या चिमुकल्या गावाभोवती जे रणकंदन माजले, जे खटले चालले आणि ज्या निवडणुका लढवल्या गेल्या, त्या सर्वांच्या मुळाशी षष्ठीचाच प्रश्न होता : हे गाव कोणाचे?

इटलीचा नकाशा ज्या बुटासारखा दिसतो त्याच्या चवड्यावर कलाब्रिया हा प्रांत आहे, आणि त्या चवड्याच्या तळव्याकडील अंगाला, आयोनियन समुद्राकडे तोंड करून, सुमारे ३०० मीटर उंचीवर जुने रियाचे वसले आहे. किनाऱ्यावरची नवी वस्ती, रियाचे मरीना, तेथून सुमारे ७ किलोमीटर खाली. या किनारपट्टीवर एकेकाळी ग्रीकांच्या संपन्न वसाहती नांदत होत्या. पुढे हिवतापाचे डास आणि गलबतांतून येणारे चाचे या दोन शत्रूंच्या धास्तीने तेथील लोकांनी किनारा सोडला आणि डोंगराचा आश्रय घेतला. घरे एकमेकांना बिलगलेली, गल्ल्या अरुंद आणि चढणीच्या, आणि दूरवर खाली पसरलेला समुद्र सतत डोळ्यांसमोर. त्यावरून येणारा मनुष्य लांबूनच दिसावा आणि त्याला गावात शिरणे शक्य तेवढे अवघड जावे, याच हेतूने अशी गावे रचली गेली.

समुद्रावरून येणाऱ्यांना ज्याने असे अडवले, त्या गावाला समुद्रावरून जाणाऱ्यांना मात्र अडवता आले नाही. ऑलिव्हची झाडे, द्राक्षांचे वेल आणि थोडीबहुत गुरे यांवर विसाव्या शतकातील वाढत्या गरजा भागेनात, तेव्हा तुरिन-मिलानच्या कारखान्यांकडे, अर्जेंटिनाकडे, कॅनडाकडे, ऑस्ट्रेलियाकडे कलाब्रियातील माणसांची जी रीघ लागली तीत रियाचेचे तरुणही होते. मागे उरले म्हातारे आणि कुलुपे. ज्याने कोकणातील एखाद्या वाडीत श्रावणाच्या आधी पाऊल टाकले आहे, त्याला हे चित्र वर्णन करून सांगण्याची गरज नाही : अंगणात रान माजलेले, माडीची कौले सरकलेली, किल्ली शेजारच्या काकींकडे आणि मालक मुंबईला. आपल्याकडे चाकरमानी गणपतीत येतो. तिकडचा ऑगस्टच्या सुट्टीत येतो, एवढाच काय तो फरक. घर विकले जात नाही, कारण ते बापजाद्यांचे. आणि राहिले जात नाही, कारण तेथे राहून करायचे काय?

या निद्रिस्त गावाचे नाव जगाने प्रथम ऐकले ते १९७२ साली. त्या वर्षी १६ ऑगस्ट रोजी रियाचे मरीनाच्या किनाऱ्यापासून जवळच, उथळ पाण्यात बुडी मारणाऱ्या एका हौशी पाणबुड्याला वाळूतून वर आलेला एक हात दिसला. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील दोन ग्रीक योद्ध्यांचे पुरुषभर उंचीचे ब्राँझचे पुतळे अशा रीतीने बाहेर आले, आणि पुढे त्यांच्या दर्शनासाठी लोकांच्या रांगा लागल्या. गावाच्या पदरी मात्र केवळ नाव पडले. पुतळे रेज्जो कलाब्रियाच्या संग्रहालयात विराजमान झाले. समुद्राने पहिल्यांदा पाठवलेले हे दोन पाहुणे गावात मुक्कामाला राहिलेच नाहीत.

दुसऱ्यांदा पाठवलेले पाहुणे राहिले. १ जुलै १९९८ रोजी सुमारे दोनशे कुर्द स्त्री-पुरुष-मुलांना घेऊन एक शिडाची नौका याच किनाऱ्याला लागली. स्वतःचे राष्ट्र नसलेले आणि ज्या राष्ट्रांत राहावे तेथे परके ठरणारे हे लोक ग्रीसकडे किंवा इटलीकडे मिळेल त्या नावेने निघत, आणि वारा नेईल तेथे उतरत. आदल्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘अरारात’ नावाच्या जहाजातून आठशेंहून अधिक कुर्द उत्तरेकडच्या बादोलातो या गावी उतरले होते, आणि तेथील ओस पडलेल्या जुन्या घरांत त्यांची सोय लावण्याचा प्रयत्न झाला होता. तेव्हा ही कल्पना रियाचेला अगदी आकाशातून पडलेली नव्हती. पण बादोलातोत जो अंकुर फुटला त्याचे रोप झाले ते रियाचेत, आणि त्याचे श्रेय बव्हंशी डोमेनिको लुकानो या शाळामास्तरांकडे जाते. गाव त्यांना ‘मिम्मो’ म्हणते. नवागतांना प्रथम यात्रेकरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळेत आसरा मिळाला, आणि लोक्रीचे बिशप ब्रेगांतीनी यांनी या कामाला पाठिंबा दिला.

लुकानो यांनी केलेली गोष्ट इतकी साधी होती की ती आधी कोणाला सुचली नाही याचेच नवल वाटावे. परदेशी गेलेल्या आप्त-परिचितांकडे त्यांनी घरांच्या किल्ल्या मागितल्या. एका बाजूला माणसांवाचून घरे आणि दुसऱ्या बाजूला घरांवाचून माणसे. ज्याला आपण भूतदया म्हणतो तिचा येथे जितका भाग होता, त्याहून व्यवहाराचा भाग काकणभर अधिकच होता, आणि माझ्या मते या प्रयोगाचे खरे मोठेपण तेथेच आहे. दात्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. येथे दोघांचेही हात सारख्याच उंचीवर होते, कारण दोघेही गरजू होते. वस्ती आली नसती तर शाळेत मुले उरली नसती, मुले नसती तर शिक्षक गेले असते, आणि शिक्षकांमागून वाणी, पाववाला, टपालवालाही गेला असता.

१९९९ मध्ये ‘चित्ता फुतुरा’, म्हणजे ‘भावी नगर’, या नावाची संस्था स्थापन झाली. याच परिसरातील स्तीलो गावी १५६८ साली जन्मलेल्या तोम्माजो कांपानेल्ला या संन्याशाने नेपल्सच्या बंदिवासात बसून ‘सूर्यनगर’ नावाचे एक आदर्श नगर कागदावर वसवले होते. चारशे वर्षांनी त्याच मातीतल्या एका मास्तराने चुना-दगडात तसला उद्योग आरंभावा, हे मोठे गमतीचे वाटते. कांपानेल्लाच्या नगरात सारे काही नेटके आणि ठरलेले होते. रियाचेत तसे काहीच नव्हते. पडकी घरे दुरुस्त करायला गावातले गवंडी लागले, तसे नवागतही लागले. गल्लीतल्या बंद दुकानांत विणकामाचे, भरतकामाचे, मातीकामाचे, काचकामाचे कारखाने उघडले. प्रत्येकात एक गावची बाई आणि एक परदेशची बाई अशी जोडी असे. डोंगरावर आपोआप माजणाऱ्या पिवळ्या फुलांच्या एका झुडपाच्या तंतूंपासून कापड विणण्याची जुनी कलाब्रियन कला विस्मृतीत चालली होती, तीही मागावर आली. अफगाण, इरिट्रियन, सोमाली, इथिओपियन, नायजेरियन अशा लोकांची भर पडत गेली, आणि एका काळी दोन हजारांच्या आसपास वस्तीच्या या गावात चारशे-पाचशे रहिवासी परदेशचे होते.

कचऱ्याचे उदाहरण तर विशेष सांगण्यासारखे आहे. ज्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही तेथला कचरा कसा उचलावा? २००४ साली नगराध्यक्ष झालेल्या लुकानो यांच्या कारकिर्दीत नगरपालिकेने गाढवे ठेवली. गावकरी आणि निर्वासित यांच्या सहकारी संस्थेकडे काम सोपवण्यात आले, आणि दाराशी येऊन उभे राहणारे गाढव हे रियाचेतील सकाळचे दृश्य झाले. पुढे याच गाढवांनी लुकानो यांना न्यायालयात खेचले. ते ओघाने येईलच.

निर्वासितांच्या पालनपोषणासाठी सरकारी अनुदान मंजूर होई, पण मंजुरी आणि रक्कम यांच्यामध्ये सर्वच देशांत जे अंतर असते ते तेथेही होते. महिनोन्‌महिने पैसे येत नसत. वाण्याने उधारी किती सोसावी? तेव्हा गावाने स्वतःच्या नोटा छापल्या. त्यांना ‘बोनस’ म्हणत. निर्वासितांनी त्या देऊन किराणा न्यावा, दुकानदाराने त्या गल्ल्यात ठेवाव्यात, आणि अनुदानाची रक्कम हाती आली की त्या बदल्यात युरो घ्यावेत, अशी ही हुंडीची पद्धत होती. या नोटांवर चे गव्हेरा होते, मार्टिन ल्यूथर किंग होते, सिसिलीत माफियाने मारलेला पेप्पीनो इंपास्तातो होता आणि महात्मा गांधीही होते. आपल्याकडे ज्यांची छबी सरकारी नोटेवर असते, ते गांधी इटलीच्या एका खेड्यात सरकारी पैसा वेळेवर येत नाही म्हणून नोटेवर आले, हे पाहून महात्माजी स्वतः मनमुराद हसले असते.

कीर्ती फार लवकर पसरली. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी येथे लघुपट केला. २०१६ साली अमेरिकेच्या ‘फॉर्च्युन’ मासिकाने जगातील ५० थोर नेत्यांच्या यादीत या खेड्याच्या नगराध्यक्षाचे नाव घातले. परंतु कीर्तीच्या भरात जे झाकले गेले तेही सांगितले पाहिजे. आलेल्यांपैकी पुष्कळ जण येथे टिकले नाहीत; जर्मनी, स्वीडन, उत्तर इटली अशी पुढची वाट त्यांनी धरली, कारण ज्या गावातून स्थानिक तरुण पोटासाठी बाहेर पडले तेथे परक्या तरुणाला कायमचे काम कोठून मिळणार? कारखान्यांतील माग बव्हंशी अनुदानावर चालत. विणलेले वस्त्र सुंदर होते, पण केवळ त्याच्या विक्रीवर घर चालले नसते. रियाचेने माणसे सामावून घेण्याचा प्रश्न सोडवला. चूल स्वबळावर पेटती ठेवण्याचा सोडवला नाही.

२ ऑक्टोबर २०१८ च्या पहाटे लुकानो यांना अटक करून नजरकैदेत ठेवण्यात आले. बेकायदा स्थलांतरास साहाय्य आणि कचऱ्याच्या ठेक्यातील अनियमितता हे मुख्य आरोप : एका परदेशी स्त्रीला वास्तव्याचा परवाना मिळावा म्हणून विवाह जुळवण्याची खटपट केली, आणि प्रांताच्या नोंदवहीत नाव नसलेल्या संस्थांना गाढवांचे काम दिले. तपासाच्या या मोहिमेला पोलिसांनी नाव दिले होते ‘झेनिया’. प्राचीन ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ आतिथ्य. ज्या किनाऱ्यावर ग्रीकांनी हा शब्द आणला, ज्या आतिथ्याचा रक्षक प्रत्यक्ष देवाधिदेव झ्यूस मानला जाई, तेथेच तो शब्द एका फौजदारी दप्तराच्या शिरोभागी लिहिला जावा, यात कोणाच्या तरी विनोदबुद्धीचा भाग असला पाहिजे.

पंधरवड्यात नजरकैद उठली आणि तिच्या जागी तडीपारी आली. स्वतःच्या गावात पाऊल टाकण्याची लुकानो यांना जवळजवळ वर्षभर मनाई होती. अंतर्गत व्यवहार मंत्रालयाने निर्वासितांचा प्रकल्प बंद करण्याचा हुकूम काढला, माणसे हलवली गेली, कारखान्यांची दारे एकामागून एक लागली. तो हुकूम बेकायदा होता असा निर्णय २०२० साली प्रशासकीय न्यायसंस्थेतील सर्वोच्च पीठाने दिला खरा, पण तोवर माग थंडावले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये लोक्रीच्या न्यायालयाने लुकानो यांना १३ वर्षे २ महिन्यांची शिक्षा ठोठावली. सरकारी वकिलाने मागितली होती ७ वर्षे ११ महिने. ऑक्टोबर २०२३ मध्ये अपिलात बहुतेक सर्व आरोप गळून पडले, आणि एका सरकारी कागदातील खोट्या नोंदीपुरती दीड वर्षाची, तीही तहकूब ठेवलेली, शिक्षा उरली. २०२५ च्या प्रारंभी सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. ज्याला दार उघडण्याची घाई असते त्याचे दप्तर क्वचितच टापटीप असते, आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे हा सरकारचा हक्कच आहे, हे मी मान्य करतो. पण त्या एका नोंदीसाठी गावाने भरलेला दंड फार मोठा होता.

दरम्यान, २०१९ च्या निवडणुकीत गावाने स्वतःच विरोधी बाजूला कौल दिला होता. हे पुष्कळांना कृतघ्नपणाचे वाटले. मला ते मानवी वाटते. वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना आणि पाहुण्यांना कंटाळलेली, आपल्याच गल्लीत आपण देखाव्याचा भाग झालो आहोत असे वाटणारी माणसेही त्या गावात असणारच. नव्या कारभाऱ्यांनी वेशीवरचा ‘आतिथ्याचे गाव’ हा फलक काढला आणि त्या जागी ‘वैद्य आणि हुतात्मे संत कोस्मा व दामियान यांचे गाव’ असा दुसरा लावला. या दोन जुळ्या भावांची ग्रामदैवत म्हणून तेथे मोठी प्रतिष्ठा आहे. रोग्याकडून छदामही न घेता ते औषधोपचार करीत, अशी श्रद्धा आहे. पण परंपरा त्यांचा जन्म अरबस्तानातला सांगते आणि त्यांची कर्मभूमी सिरियाच्या बाजूची. म्हणजे फलक बदलूनही गाव समुद्रापलीकडून आलेल्यांच्याच नावाने राहिले.

जून २०२४ मध्ये लुकानो पुन्हा नगराध्यक्ष म्हणून निवडून आले, आणि त्याच महिन्यात युरोपीय संसदेवरही.

संत कोस्मा व दामियान यांचा मुख्य उत्सव सप्टेंबराच्या अखेरच्या आठवड्यात भरतो. तेव्हा दक्षिण इटलीतील रोमा लोक, ज्यांना युरोप शतकानुशतके वेशीबाहेर ठेवीत आला, ते रियाचेत येतात, आणि मूर्ती मंदिराकडे निघाल्या की मिरवणुकीपुढे डफाच्या ठेक्यावर नाचत चालतात. हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे निघालेल्यांचे हे वंशज. त्यांच्या रोमानी भाषेत कानाला ‘कान’ म्हणतात, पाण्याला ‘पानी’, माणसाला ‘मानुश’. हा मान त्यांच्याकडे कोणत्या ठरावाने आला, त्याला कोणत्या खात्याची मंजुरी होती, याची विचारपूस गावात कोणी करीत नाही. चढणीच्या त्याच गल्ल्यांतून वाट काढून दिली जाते, आणि ढोल वाजू लागतात.