विम्याला एकोणीस दिवस आणि घरात पूर

२०२१ची बकरी ईद २१ जुलैला झाली. त्या रात्री पावसाचा जोर वाढतच गेला आणि २२ तारखेला पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. अम्मीला आणि मुलांना घेऊन आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो. पाणी ओसरल्यावर खाली आलो, तर कुर्बानीच्या गोश्तासकट फ्रिज आडवा पडला होता. शिलाई मशीन, कपाट, गाद्या सगळे चिखलात. जिवानिशी वाचलो, अल्हम्दुलिल्लाह.

घरातील सामानाचा विमा आम्ही ३ जुलैला घेतला होता. २००५चा पूर पाहिल्यापासून मनात होते, ते इतक्या वर्षांनी केले. आता एकोणीस दिवसांतच क्लेम करायचा म्हणजे लोक काय म्हणतील? चाचा म्हणाले, "लबाड ठराल, सोडून द्या." दुसऱ्या एका नातेवाइकाने उलटा सल्ला दिला, "यादीत मोठा टीव्ही घाला. पाण्यात काय गेले हे कोण बघायला येणार?"

आम्ही दोन्ही सल्ले बाजूला ठेवले. घराच्या विम्याला सहसा आजारपणाच्या विम्यासारखा थांबण्याचा काळ नसतो. हप्ता पोहोचल्यावर पॉलिसीत लिहिलेल्या तारखेपासून संरक्षण सुरू होते. तेव्हा क्लेम लवकर आला हा गुन्हा नाही. मात्र चौकशी जास्त होते, हे धरून चालावे.

चिखल उपसण्याआधी आम्ही प्रत्येक खोलीचे फोटो काढले, भिंतीवरची पाण्याची खूणही टिपली. कंपनीला लगेच कळवले. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत घेतली. सर्व्हेयरने पहिलाच प्रश्न केला, "विमा आत्ताच का काढलात?" आम्ही खरे तेच सांगितले. बिले भिजून गेली होती. तेव्हा फ्रिजच्या खरेदीची नोंद बँकेच्या खात्यात सापडली आणि शिलाई मशीन ईदच्या फोटोत मागे दिसत होती. टीव्ही जुना होता, तो जुनाच लिहिला. खोट्या मागणीने पूर्ण क्लेम बुडू शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हराम पैसा घरात आला असता.

पैसे मिळायला काही महिने लागले आणि वस्तूंच्या वयाप्रमाणे रक्कम कापून मिळाली. तरीही फ्रिज आणि शिलाई मशीन पुन्हा घेता आली. अम्मीचे शिवणकाम सुरू झाले.

एक चूक मात्र आमची होती. दागिने आणि रोकडही विम्यात आली असे आम्ही समजत होतो. १ एप्रिल २०२१पासून सुरू झालेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते आणि रोख रकमेची भरपाई मिळत नाही. कपाटात भिजलेल्या नोटा आमच्याच नुकसानीत गेल्या. मेहरचे दागिने घरात असतील तर सही करण्याआधी हे विचारावे. भाडेकरूंना फक्त सामानाचा विमाही घेता येतो.

क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

व्याज आणि अनिश्चितता यांमुळे प्रचलित विम्याला अनेक उलमांचा आक्षेप आहे. काहींनी परिस्थिती पाहून सवलत दिली आहे. हा प्रश्न प्रत्येक घराने आपल्या विश्वासातल्या मुफ्तींना विचारावा. आम्हीही विचारूनच निर्णय घेतला होता. उंट आधी बांधावा, मग तवक्कल करावा, ही शिकवण आपल्याला माहीतच आहे. बांधलेला उंट गेला तर हक्काचे मागायला लाजू नये, आणि गेला एकच असेल तर दोन सांगू नयेत.