श्रवणसुख आणि परिग्रहाची मर्यादा

सेनहायझर कंपनीचा एचडी ६५० हा हेडफोन २००३ साली बाजारात आला. आजही तो अनेक रसिकांना प्रिय आहे. त्याहून उंची हेडफोन घेण्याची इच्छा झाल्यास श्रावकाने आधी गरजेचा हिशेब मांडावा. कानावरच्या मखमली गाद्या दबल्या की आवाजाचा पोत बदलतो; त्या नव्या बसवता येतात. याचा रोध ३०० ओहम असल्याने साध्या मोबाइलवर तो पुरता खुलत नाही. योग्य अ‍ॅम्प्लिफायर जोडून ऐकावा. एवढ्याने समाधान न झाल्यास नवा अवश्य घ्यावा. मात्र काही उंची हेडफोनांच्या गाद्या कातड्याच्या असतात. तेथे चामडेविरहित पर्यायच निवडावा. जुना हेडफोन एखाद्या संगीतप्रेमी विद्यार्थ्यास द्यावा, म्हणजे परिग्रह-परिमाण व्रताची मर्यादाही सांभाळली जाईल.