मसाई माराला निघण्यापूर्वी: काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

सहल कंपन्यांच्या पत्रकांवर मसाई माराचा बहुधा एकच फोटो असतो. मारा नदीच्या काठावरून खाली उड्या घेणारे विल्डबीस्ट, आणि पाण्यात टपून बसलेली मगर. फोटो खराच असतो. त्यावरून आपण जे धरून चालतो, त्यात मात्र बराच घोळ असतो. केनिया-टांझानियाची सफर काही स्वस्तात होत नाही. भलत्या अपेक्षा घेऊन गेलं की पैसे जातात ते जातातच, पण समोर जे असतं तिकडेही लक्ष जात नाही.

‘मायग्रेशन जुलै-ऑगस्टमध्ये असतं आणि ते केनियात असतं’

हा सर्वांत पक्का रुजलेला समज. स्थलांतर बारा महिने चालूच असतं. सुमारे 13 लाख विल्डबीस्ट, त्यांच्यासोबत दोनेक लाख झेब्रे आणि काही लाख गॅझेल हरणं, असा हा सगळा लवाजमा पाऊस पडेल तिकडे, कोवळं गवत उगवेल तिकडे सरकत राहतो आणि वर्षभरात सेरेंगेटी-मारा परिसराला एक मोठा वळसा घालतो. जानेवारी ते मार्च हे कळप टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला एन्डुटूच्या आखूड गवताच्या माळावर असतात. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, गवत खनिजांनी भरलेलं, दुभत्या माद्यांना नेमकं हवं तसं. फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत बहुतेक माद्या वितात. एकदम इतकी पिल्लं जन्माला आली की सिंह-तरसांनी कितीही खाल्ली तरी पुष्कळ उरतात. माझ्या मते नदी ओलांडण्यापेक्षा हा सोहळा जास्त बघण्यासारखा आहे, आणि गर्दीही तुलनेने कमी.

पुढे माळ वाळला की कळप पश्चिमेला आणि मग उत्तरेला सरकतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर उत्तर सेरेंगेटी आणि मारा, नोव्हेंबरच्या पावसाबरोबर पुन्हा दक्षिण. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान 14,763 चौरस किलोमीटरचं आणि मसाई मारा 1,510 चौरस किलोमीटरचं. म्हणजे वर्षातला बहुतेक काळ हे कळप टांझानियातच असतात. मारा नदीही उत्तर सेरेंगेटीतून वाहते, त्यामुळे तो प्रसिद्ध देखावा तिथूनही दिसतो. कळप मात्र कुणाच्या वेळापत्रकाने नदीत उतरत नाही. काठावर तासन् तास उभा राहतो आणि कधीकधी आल्या पावली मागे फिरतो. ‘क्रॉसिंग नक्की दाखवू’ असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून ते लेखी मागा.

सुट्ट्यांचं गणितही इथेच चुकतं. आपली मुलांची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये. केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा हंगाम. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला काळ्या जमिनीत पावसात गाडी कशी रुतते ते सांगायला नको. मारातही अशीच काळी माती आहे. पावसात जाऊच नये असं मात्र नाही. दर उतरतात, रान हिरवंगार असतं, पक्षी भरपूर. दिवस हाताशी जास्त असतील आणि थोडं अडकून पडायची तयारी असेल तर जरूर जावं.

‘आफ्रिका म्हणजे उकाडा’

विषुववृत्त जवळ आहे म्हणून असं वाटतं. पण नैरोबी जवळपास 1,800 मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. मारा 1,500 मीटरच्या वर, आणि टांझानियातल्या न्गोरोंगोरो विवराच्या कड्यावरची मुक्कामाची ठिकाणं त्याहून बरीच उंच. जुलैच्या पहाटे छत उघडलेल्या गाडीत स्वेटर, कानटोपी दोन्ही लागतात.

‘बिग फाइव्ह दिसले की सफारी वसूल’

सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा ही यादी शिकाऱ्यांची आहे. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत धोकादायक, ते हे. केनियाने 1977 साली शिकारीवर बंदी घातली, यादी मात्र पर्यटनाच्या दुकानात तशीच लटकत राहिली. त्यात चित्ता नाही, जिराफ नाही, पाणघोडा नाही. ताडोबात एका वाघासाठी चार फेऱ्या मारायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. उघड्या माळावर एका जागी अर्धा तास गाडी थांबवली तर पत्रकातल्या यादीपेक्षा जास्त दिसतं. गेंडा बघायचाच असेल तर मारापेक्षा केनियातल्याच लेक नाकुरू किंवा ओल पेजेटा इथे शक्यता चांगली. तिथे गेल्यावर ‘पांढरा’ गेंडा पांढरा का नाही, असं विचारू नका. पांढरा आणि काळा दोन्ही राखाडीच असतात. फरक ओठात. पांढऱ्याचा रुंद, गवत कापणारा. काळ्याचा टोकदार, झुडपाची पानं ओढणारा. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याचा शेवटचा नर ‘सुदान’ ओल पेजेटातच मार्च 2018 मध्ये गेला. त्याच्यामागे दोन माद्या राहिल्या, त्याची लेक नाजिन आणि नात फातू.

आणि वाघ? आफ्रिकेच्या रानात वाघ नसतो. हा प्रश्न अजूनही विचारला जातो म्हणून सांगितलं.

तरसाची बदनामीही इथेच निस्तरू. तो फक्त उष्टं-खरकटं खातो, हा समज 1960च्या दशकात हान्स क्रूक या संशोधकाने खोडून काढला. न्गोरोंगोरो आणि सेरेंगेटीत रात्री तरसांच्या मागे राहून त्यांनी दाखवलं की ठिपक्यांचा तरस आपलं बहुतेक खाणं स्वतः मारून मिळवतो. पुष्कळदा शिकार तरसाची असते आणि सकाळी तिच्यावर रुबाबात बसलेला सिंह चोर असतो.

‘तिथे माणसाचा मागमूस नसलेलं रान आहे’

हा गैरसमज निरुपद्रवी वाटतो, पण तसा तो नाही. या माळांवर मसाई लोक पिढ्यान् पिढ्या गुरं चारत आले. 1951 साली सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1959 साली तिथल्या मसाईंना बाहेर काढून शेजारच्या न्गोरोंगोरोत हलवण्यात आलं. तिथे वन्यप्राणी आणि गुराखी एकत्र राहतील असं ठरलं होतं. आता न्गोरोंगोरोतूनही टांझानिया सरकार मसाईंना दूर हांडेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा गावी हलवत आहे. 2022 पासून त्यावरून मोठा वाद पेटला आहे. तुम्हाला दिसणारं मोकळं रान काही प्रमाणात मोकळं केलेलं रान आहे.

केनियात चित्र थोडं वेगळं आहे. मसाई मारा हे राष्ट्रीय उद्यान नाही; ते नारोक काउंटीच्या ताब्यातलं राखीव क्षेत्र आहे. त्याच्या भोवती मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी अशा ‘कॉन्झर्व्हन्सी’ आहेत. इथल्या जमिनीचा सातबारा, आपल्या भाषेत सांगायचं तर, मसाई कुटुंबांच्या नावावर आहे. पर्यटन कंपन्या ती भाड्याने घेतात आणि कुटुंबांना ठरलेलं भाडं मिळतं. तंबूंची आणि गाड्यांची संख्या मर्यादित असते. राखीव क्षेत्रात मनाई असलेली पायी भटकंती आणि रात्रीची फेरी इथे करता येते. मुक्काम महाग पडतो, पण परवडत असेल तर तीन रात्रींतली एक तरी इथे काढावी. मधे कुंपण नसल्यामुळे राखीव क्षेत्रातले वन्यप्राणीही इथे ये-जा करतात.

आता सामानाबद्दल. चिवडा, ठेपले, लाडू जरूर न्या, पण प्लास्टिकच्या पिशवीत नको. केनियाने ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे आणि शिक्षा कडक आहे. जून 2020 पासून तिथल्या उद्यानांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. टांझानियातही 2019 पासून पिशव्यांना मनाई आहे. शाकाहाऱ्यांचे हाल होतात, हा समजही जुना झाला. केनियात रेल्वे बांधायला भारतातून गेलेले मजूर आणि त्यांच्यामागून गेलेले गुजराती व्यापारी यांच्यामुळे चपाती आणि समोसा आज केनियातल्या सामान्य माणसाचं खाणं आहे. 2017 मध्ये केनिया सरकारने तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशातली 44वी जमात म्हणून मान्यता दिली.

पिवळ्या तापाची लस ही केवळ टूर कंपनीची कटकट नव्हे. केनियातून परतताना भारतातल्या विमानतळावर तिचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. सरकारमान्य केंद्रातच ती घ्यावी लागते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. मलेरियाच्या गोळ्यांचं मात्र आपल्या डॉक्टरला विचारूनच ठरवा.

‘जवळ गेल्याने प्राण्यांना काही होत नाही, त्यांना गाड्यांची सवय असते’

सिंह गाडीकडे ढुंकूनही बघत नाही, हे खरं. तुम्ही आत बसून आहात तोवर त्याच्या लेखी तुम्ही गाडीचाच भाग असता. खाली उतरलात की हिशेब बदलतो. चित्त्याचं मात्र निराळं आहे. तो बहुधा दिवसा शिकार करतो आणि गाड्यांचा गराडा पडला की त्याला सावजही सुटतं, पिल्लंही सांभाळता येत नाहीत. मारातल्या चित्त्यांचा फेमके ब्रुखाउस या संशोधिकेने अभ्यास केला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. कमी पर्यटन असलेल्या भागात एका वेतातली सरासरी 2.3 पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत जगत होती. जास्त पर्यटन असलेल्या भागात 0.2.

एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत आणि रस्ता सोडून गाडी घालायची नाही, असा मारात नियम आहे. तो मोडतो ड्रायव्हर, पण मोडायला लावतो मागे बसलेला ग्राहक. फोटो नीट आला नाही तर बक्षिसी कमी होईल, ही भीती ड्रायव्हरला असते. म्हणून पहिल्याच सकाळी त्याला स्पष्ट सांगा: गर्दी असेल तिथे आपण थांबायचं नाही, आणि त्यामुळे तुझी बक्षिसी एका शिलिंगानेही कमी होणार नाही.