नगरपालिकांचा विकास आराखडा आणि त्यामागचा पैसा

१८५० च्या सव्विसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या गावांना रहिवाशांच्या मागणीवरून नगरपालिका मिळू लागली. दिवाबत्ती, झाडलोट, विहिरींची डागडुजी एवढाच तिचा पसारा होता. वर्षाची आवक पाहून वर्षाचे काम ठरे. नळयोजनेसारख्या मोठ्या कामासाठी कर्ज काढण्याची वाट १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज कायद्याने पक्की झाली, आणि पुढच्याच वर्षी देशातला पहिला नगररचना कायदा मुंबई इलाख्यात आला.

त्या १९१५ च्या कायद्यातली नगररचना योजना ही फार शहाणपणाची तरतूद होती. एखाद्या भागातल्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढून घ्यायच्या, उरलेले भूखंड नीट आखून मूळ मालकांना परत द्यायचे. रस्त्यामुळे जमिनीची किंमत वाढे आणि त्या वाढीचा काही हिस्सा मालकांकडून वसूल होई. नकाशा आणि त्याचा खर्च एकाच कागदावर मांडलेला असे.

१९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराचा विकास आराखडा बंधनकारक केला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने आजची चौकट दिली. नगररचना योजना या कायद्यातही आहेत. गुजरातने त्या नेटाने चालवल्या. महाराष्ट्राने मात्र आरक्षण आणि भूसंपादनाची वाट धरली. इथेच आराखड्याची पैशाशी फारकत झाली. वीस वर्षांच्या नकाशावर बाग, शाळा, दवाखाना, भाजी मंडई यांची आरक्षणे पडली, पण जागा विकत घ्यायला लागणारी रक्कम नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात क्वचितच असे.

याचा परिणाम १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ मध्ये स्पष्ट दिसतो. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीची मुदत आधी सहा महिने होती, पुढे ती बारा आणि मग चोवीस महिने झाली. त्या मुदतीत संपादनाचे पाऊल उचलले नाही, तर आरक्षण व्यपगत होते. नुसता ठराव करून पालिकेची सुटका होत नाही, हे २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्यात २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने मोबदला बराच वाढला. बागेसाठी राखलेल्या जागेवर इमारत उभी राहते, त्यामागे बहुतेकदा हाच क्रम असतो. जमिनीच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकामासाठी विकता येणारा हक्क, देण्याचा उपाय आहे खरा, पण जिथे जागा स्वस्त आणि इमारती दुमजली आहेत, तिथे ते हक्क घेणार कोण?

पालिकेचा हुकमी पैसा म्हणजे जकात. गावाच्या वेशीवरच्या नाक्यावर आडवी बल्ली, टपरीत बसलेला कारकून, मालाची पावती पाहून तिथेच भरलेली रक्कम. वाहनांचा खोळंबा होई, चुकवाचुकवी चाले आणि व्यापाऱ्यांचा तिला कायम विरोध असे. तरीही रोज रोकड देणारे दुसरे साधन पालिकेकडे नव्हते. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. ते बहुतांशी पगारातच जाते. घरपट्टीची चतुर्वार्षिक फेरआकारणी कायद्यात आहे, पण निवडणूक तोंडावर असताना ती करायला कोणतेही सभागृह धजत नाही.

मग उरल्या योजना. लहान व मध्यम शहरांसाठी केंद्राची एकात्मिक विकास योजना १९७९ मध्ये सुरू झाली. १९९३ मध्ये ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्या बाराव्या अनुसूचीने अठरा विषय दाखवले, पण ते पेलण्यासाठी कर मात्र दिले नाहीत. २००५ च्या नव्या केंद्रीय योजनेत केंद्राचा वाटा ८० टक्के होता. २०१० मध्ये राज्याचे नगरोत्थान अभियान आले. २०१५ ची अमृत योजना मुख्यतः लाखावर वस्तीच्या शहरांसाठी होती. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात पाणीपुरवठ्यासाठी लहान गावांनाही दार उघडले. प्रत्येक योजनेचे निकष वेगळे. त्यामुळे गावाला आधी काय हवे यापेक्षा निधी कशासाठी आहे, यावर कामाचा क्रम ठरू लागला.

कराडला लागून असलेल्या मलकापूरची चोवीस तास पाणीयोजना या काळात वेगळी उठून दिसते. तिथेही उभारणीचा पैसा बाहेरूनच आला, पण प्रत्येक नळाला मीटर बसवले आणि वापर वाढेल तसा दर चढता ठेवला. चालवण्याचा खर्च पाणीपट्टीतून काढण्याचा विचार योजनेच्या आखणीतच होता.

अलीकडे पुण्याभोवती महानगर प्राधिकरणाने नगररचना योजना पुन्हा हाती घेतल्या आहेत. ही पद्धत लहान शहरांत आणायची, तर मोजणी, भूखंडांची फेरआखणी आणि प्रत्येक मालकाची सुनावणी करणारे मनुष्यबळ लागते. अनेक नगरपालिकांकडे स्वतःचा पूर्णवेळ नगररचनाकारही नाही. त्यांचा आराखडा आजही नगररचना विभागाचे जिल्ह्याचे कार्यालय तयार करते.